चाइल्डने मोजलेलं पॅरेंटला दिसत का नाही?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. त्याने लिनक्सवर सी भाषेत प्रोग्राम लिहिला आहे. पेडणे, बारदेश, तिसवाडी आणि फोंडा या तालुक्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी चार फाइलींत आहेत. दर फाइलीमागे एक चाइल्ड प्रोसेस फोर्क होते (फोर्क म्हणजे चालू प्रोसेसने, पॅरेंटने, आपलीच एक नक्कल, चाइल्ड, सुरू करणं) आणि दिवसाला 64.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेले दिवस मोजते, कारण हवामान खात्याचा 'मुसळधार' तिथून सुरू होतो. चारही चाइल्ड 'एकूण' नावाच्या एकाच व्हेरिएबलमध्ये भर घालतात, आणि शेवटी पॅरेंट ते छापायला जातो तर 0. त्याने व्हेरिएबलचा पत्ता छापून पाहिला: पाचही प्रोसेसमध्ये अगदी तोच. मग एक्झिट कोडमधून संख्या परत पाठवून पाहिली, तर एका तालुक्याच्या 300 दिवसांचे वाटेत 44 झाले. शिवाय जाता जाता एक तक्रार: आउटपुट फाइलमध्ये वळवलं की 'मोजणी सुरू' ही ओळ पाच वेळा येते, स्क्रीनवर मात्र एकदाच.

44 चं कोडं आधी मिटवतो, कारण ते दोन वाक्यांचं आहे. एक्झिट कोडचे फक्त खालचे 8 बिट पॅरेंटपर्यंत पोचतात, म्हणजे 0 ते 255. तू 300 पाठवलेस, त्यातले 256 गळाले, उरले 44. एक्झिट कोड हा 'काम झालं की फसलं' एवढं सांगायला आहे, त्यातून हिशेब पाठवू नये. पेडण्यात 256 दिवस भरले असते तर पॅरेंटला 0 दिसलं असतं आणि तू ते खरं मानून पुढे गेला असतास.

आता पत्त्याचं. प्रियोळात घर नंबर 112 असतं आणि बांदोड्यातही असतं. नंबर एक म्हणून घर एक होत नाही, कारण नंबर ज्या पंचायतीच्या वहीत लिहिलाय ती वही वेगळी. तू छापलेला पत्ता असाच आहे. तो मेमरीच्या चिपवरचा पत्ता नव्हे, त्या प्रोसेसच्या वहीतला नंबर आहे. प्रत्येक प्रोसेसची अशी वही, म्हणजे पेज टेबल, कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सांभाळतो आणि प्रोसेसर दर वाचना-लेखनाला ती बघून खरी जागा शोधतो. फोर्क झाल्यावर चाइल्डला त्या वहीची नक्कल मिळते. म्हणून नंबर सगळे जसेच्या तसे, पण वही दुसरी.

मग तू विचारशील, फोर्कच्या क्षणी पॅरेंटची सगळी मेमरी कॉपी होते का? पूर्वी व्हायची. फोर्कची कल्पना संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1963 मध्ये एका निबंधात मांडली होती. पीडीपी-7 या जुन्या संगणकावरच्या पहिल्या युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, ती असेम्ब्लीच्या बरोबर 27 ओळींत बसली, असं युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय. त्या काळी मेमरी मूठभर, प्रोग्राम मूठभर, कॉपी करून टाकायची. आज 8 जीबी धरून बसलेली प्रोसेस फोर्क करताना 8 जीबी कॉपी करणं परवडणार नाही, म्हणून कर्नेल कामचुकारपणा करतो, आणि तो कामचुकारपणा फार हुशार आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांची वाटणी आठव. कागदावर सहा नावं असतात, प्रत्यक्षात घर एकच. कोणी नुसतं राहत असेल तर इन्व्हेंटरीची (वारसांच्या वाटणीची) केस घालायची गरज पडत नाही. कोणीतरी भिंत पाडून बाथरूम बांधायला काढलं की मग मोजणीदार येतो. फोर्कनंतर तसंच होतं. दोन्ही वह्यांतल्या नोंदी मेमरीतल्या त्याच खऱ्या पानांकडे, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांकडे, बोट दाखवतात, पण सगळी पानं 'फक्त वाचा' अशी केलेली असतात. कोणी लिहायला गेलं की प्रोसेसर अडवतो, कर्नेल जागा होतो, तेवढ्या एका पानाची कॉपी करतो आणि लिहिणाऱ्याच्या हातात ती नवी कॉपी देतो. पान म्हणजे आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर 4096 बाइट. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात. घराची उपमा इथे संपते, कारण घरात भिंत पाडली की भाऊ भांडायला येतो. इथे दुसऱ्याला काही कळतच नाही. तुझ्या चाइल्डने 'एकूण'मध्ये पहिली भर घातली त्या क्षणी ते पान वेगळं झालं. तिथून पुढे प्रत्येकजण आपापल्या कॉपीत प्रामाणिकपणे मोजत होता आणि मरताना ती घेऊन गेला. पॅरेंटचं 0 होतं ते 0 राहिलं. मॅलॉकने (चालता चालता मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घेतलेली मेमरी असो, ग्लोबल असो की स्टॅटिक, सगळ्यांना हाच नियम.

जागा खरोखर सामाईक हवी असेल तर ती तशी मागून घ्यावी लागते, आणि फोर्कच्या आधी. हा 'आधी' महत्त्वाचा. फोर्कनंतर मागितलीस तर मागणाऱ्याच्याच वहीत नोंद होईल. मागायचं ते एममॅप या कॉलने. सहा आर्ग्युमेंट असतात. पहिलं नल (रिकामा पत्ता), म्हणजे जागा तू निवड असं कर्नेलला सांगणं. दुसरा आकार. तिसरी परवानगी, वाचणं आणि लिहिणं दोन्ही. चौथ्यात दोन फ्लॅग जोडून द्यायचे, मॅप-शेअर्ड आणि मॅप-अनॉनिमस. पाचवं उणे 1, कारण मागे कुठली फाइल नाही. सहावं 0. सगळं रहस्य मॅप-शेअर्डमध्ये आहे. त्याच्या जागी मॅप-प्रायव्हेट लिहिलंस तर पुन्हा कॉपी-ऑन-राइट आणि पुन्हा 0. तू चार संख्यांपुरते 32 बाइट मागितलेस तरी आख्खं पान मिळेल, त्याची खंत करू नकोस. आणि कॉल फसला तर नल परत येत नाही, मॅप-फेल्ड येतं, जे उणे 1 आहे. 'नल आहे का' एवढंच तपासणारा कोड मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता कोणाचाही एममॅप वाचताना डोळे आधी तिथेच जातात.

एवढ्यावर 0 जाईल आणि संख्या येईल. पण ती बरोबर असेलच असं नाही, आणि तुझ्या प्रश्नाचा खरा अवघड भाग इथून सुरू होतो. 'एकूण'मध्ये 1 मिळवणं सीमध्ये एक ओळ दिसते, पण मशीनला ती तीन कामं आहेत: वाच, मिळव, परत लिही. एकूण 57 असताना फोंड्याच्या चाइल्डने 57 वाचलं. त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरवर पेडण्याच्या चाइल्डनेही 57 वाचलं. दोघांनी 58 केलं, दोघांनी 58 लिहिलं. दोन दिवस मुसळधार पडला, वहीत एकच चढला. तुझ्या फाइली लहान असतील तर हे क्वचित होईल, आणि क्वचित होणारा बग हाच सगळ्यात वाईट, कारण तो सबमिशनच्या दिवशी होतो. पाहायचंच असेल तर चार चाइल्डना प्रत्येकी 10 लाख वेळा 1 मिळवायला सांग. 40 लाख यायला हवेत; दर वेळी कमी आणि दर वेळी निराळा आकडा येईल. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन बंद ठेव, नाहीतर कंपाइलर तो आख्खा लूप एका बेरजेत घडी घालून ठेवेल आणि मी थापा मारतोय असं तुला वाटेल. कोणी 'व्हॉलटाइल लिही, जमेल' असं सांगितलं तर ऐकू नकोस. व्हॉलटाइल कंपाइलरला प्रत्येक वेळी मेमरीत जायला लावतं, एवढंच. वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसरा घुसतो त्याचं ते काही करत नाही.

माझं उत्तर असं की तुझ्या प्रोग्रामला लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, गरजच नाही, कारण एकाच जागेत चौघांनी लिहायची गरज नाही. चार खणांचा ॲरे कर. पेडणे खण 0 मध्ये लिहील, बारदेश 1 मध्ये, तिसवाडी 2 मध्ये, फोंडा 3 मध्ये. कोणी दुसऱ्याच्या खणाला हात लावायचा नाही. पॅरेंटने वेटपीआयडी या कॉलने चारही चाइल्ड संपेपर्यंत थांबायचं आणि मग बेरीज करायची. चाइल्ड संपल्यावर त्याने लिहिलेलं सगळं पॅरेंटला दिसतंच. दोघांनी एकदम हात घालण्याचा प्रसंगच आला नाही, तर तो सोडवायचा तरी कशाला? वेटपीआयडीने मिळालेली स्थितीही तपास: चाइल्ड नीट 0 देऊन संपलं की सिग्नलने मेलं. मेलेल्या चाइल्डच्या खणातला आकडा अर्धवट असतो, तो बेरजेत धरू नये.

एक बारकावा. चाइल्डने दर ओळीला आपल्या खणात 1 मिळवत बसू नये. चार खण शेजारी-शेजारी, मिळून 32 बाइट. प्रोसेसर मेमरीचे तुकडे आपल्या जवळच्या वेगवान कॅशमध्ये आणतो, त्यातला एकेक तुकडा, म्हणजे कॅश लाइन, 64 बाइटची. म्हणजे चारही खण एकाच कॅश लाइनवर, आणि एका कोअरने लिहिलं की बाकी तिघांच्या कॅशमधली ती लाइन बाद. उत्तर बरोबर येईल, पण चार कोअर त्या एका लाइनची ओढाताण करत बसतील आणि एका प्रोसेसपेक्षा चार प्रोसेस हळू का हे तुला कळणार नाही. साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये मोज आणि फाइल संपली की एकदाच खणात लिही.

समजा उद्या तुला धावता आकडा हवा झाला, चौघं मोजत असतानाच पॅरेंट स्क्रीनवर 'आतापर्यंत इतके' दाखवतोय. तेव्हाही आधी सी-11 (सी भाषेची 2011 ची आवृत्ती) मधल्या ॲटॉमिक संख्या बघ. ॲटॉमिक फेच-ॲड हे 'वाच-मिळव-लिही' एका घासात करतं, मध्ये कोणाला शिरू देत नाही, आणि आपल्या नेहमीच्या मशीनवर ते शेअर्ड मेमरीत दोन प्रोसेसमध्येही बिनबोभाट चालतं. म्युटेक्सपर्यंत, म्हणजे खऱ्या लॉकपर्यंत, जायचं ते दोन-तीन गोष्टी एकत्र बदलायच्या असतील तरच. उदाहरणार्थ सर्वाधिक पाऊस आणि त्याची तारीख: एक जुनं नि एक नवं असं वाचलं गेलं तर उत्तर चुकतं.

म्युटेक्सबद्दल मला एक जुनं दुखणं सांगायचंय. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ठिकाणी कामाला होतो. मशीनींकडून आकडे गोळा करणारा एक पॅरेंट आणि सहा चाइल्ड, मध्ये शेअर्ड मेमरी, आत पीथ्रेडचा म्युटेक्स (पीथ्रेड म्हणजे थ्रेडची, एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामांची, लायब्ररी). लिहिलेला मीच. टेबलावर महिनाभर चाललं. प्रत्यक्ष शेडमध्ये बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा सगळं गप्प. क्रॅश नाही, एरर नाही, सीपीयू 0 टक्के. रीस्टार्ट केलं की पुन्हा दोन दिवस बरं. पहिल्यांदा आम्ही वीज खात्याला शिव्या घातल्या, मग नेटवर्कच्या केबलला. शेवटी अडकलेल्या चाइल्डला एसट्रेस (प्रोसेसचे कर्नेलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावला तर ते फ्युटेक्सवर, म्हणजे लॉकसाठी थांबायच्या कर्नेलच्या कॉलवर, झोपलेलं, आणि म्युटेक्स तर केव्हाच सुटलेला!

झालं होतं ते असं. म्युटेक्स शेअर्ड मेमरीत ठेवला म्हणून तो शेअर्ड होत नाही. त्याला ॲट्रिब्यूट द्यावं लागतं, पीथ्रेड-प्रोसेस-शेअर्ड. ते नाही दिलं तर तो 'प्रायव्हेट' समजला जातो, म्हणजे एकाच प्रोसेसच्या थ्रेडमधला. लॉक रिकामं असेल तोवर घेणं-सोडणं नुसता मेमरीतला आकडा बदलून होतं, कर्नेलकडे जावंच लागत नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं. खरी गर्दी झाली, एकाला थांबावं लागलं, की तो कर्नेलकडे जाऊन झोपतो. झोपताना 'माझ्या प्रोसेसमधल्या या पत्त्यावर झोपलोय' असं सांगतो. सोडणारा दुसऱ्या प्रोसेसमधून हाक मारतो, 'माझ्या प्रोसेसमधल्या या पत्त्यावर कोणी आहे का?' पत्ता तोच, प्रोसेस दुसरी. कर्नेल म्हणतो कोणी नाही. घर नंबर 112 ची गोष्ट पुन्हा आलीच. टेबलावर गर्दी नव्हती म्हणून बग दिसला नाही, शेडमध्ये सगळ्या मशीनी एकदम बोलू लागल्या की दिसायचा. दुरुस्ती एका ओळीची, शोध तीन दिवसांचा. सेमाफोर (मोजणी ठेवणारं लॉक) वापरत असशील तर तिथेही तेच: सेम-इनिटचं दुसरं आर्ग्युमेंट 0 ठेवू नकोस.

दुसरा खड्डा त्याहून खोल आहे. चाइल्डने लॉक घेतलं आणि हातात लॉक असतानाच ते मेलं, सेगमेंटेशन फॉल्टने म्हण किंवा कोणी किल केलं म्हणून. लॉक तसंच बंद, बाकीचे जन्मभर थांबलेले. यासाठी रोबस्ट म्युटेक्स असतो. मालक मेला तर पुढच्या घेणाऱ्याला लॉक मिळतं, पण सोबत ई-ओनर-डेड असा कोड येतो, म्हणजे 'आधीचा मध्येच गेला, आतली मांडणी तपासून घे'. तपासून झाल्यावर पीथ्रेड-म्युटेक्स-कन्सिस्टंट म्हणायचं आणि पुढे जायचं. ऐकायला सोपं आहे. पण तपासायचं म्हणजे काय? अर्धा लिहिलेला डेटा अर्धा आहे हे ओळखायचं कसं? साध्या सेमाफोरला तर मालक कोण हेच ठाऊक नसतं, त्यामुळे एवढीही सोय नाही.

या प्रश्नाला पोस्टग्रेस या डेटाबेसने दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात फुशारकी नाही. पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस असते. मुख्य प्रोसेस सुरुवातीलाच शेअर्ड मेमरीचा मोठा तुकडा घेते आणि मग एकेक चाइल्ड फोर्क करत जाते, म्हणजे तुझाच नकाशा. 9.3 आवृत्तीपासून, 2013 मध्ये, हा मोठा तुकडा मी वर सांगितला तसा अनॉनिमस शेअर्ड एममॅपने घेतला जाऊ लागला. आणि एखादं चाइल्ड वेडंवाकडं मेलं तर? मुख्य प्रोसेस बाकीची सगळी चाइल्ड बंद करते, शेअर्ड मेमरी नव्याने मांडते आणि डिस्कवरच्या नोंदींवरून डेटाबेस परत उभा करते. 'त्याने मरण्याआधी काय बिघडवलं कोण जाणे, सगळंच फेकून द्या.' इतक्या मुरलेल्या लोकांनी अर्धवट मेमरी दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही, तर आपण तरी का धरावा? तुझ्या प्रोग्राममध्ये एखादा तालुका मेला तर त्या तालुक्याची फाइल पुन्हा मोजायला नवीन चाइल्ड सोड. मेमरीची दुरुस्ती नको.

आता तू उद्या हमखास करशील ती चूक सांगतो. खणात दिवसांच्या संख्येबरोबर सर्वाधिक पावसाची तारीखही ठेवाविशी वाटेल. तू स्ट्रक्चरमध्ये कॅरेक्टर पॉइंटर (मजकुराचा नुसता पत्ता) ठेवशील, चाइल्डमध्ये मॅलॉक करून तारीख भरशील आणि पॉइंटर खणात लिहिशील. पॉइंटर पॅरेंटपर्यंत अगदी सुखरूप पोचेल, पण तो ज्याकडे बोट दाखवतो ते चाइल्डच्या खाजगी मेमरीत होतं. पॅरेंटच्या वहीत त्या नंबरावर एकतर काही नसेल, मग प्रोग्राम तिथेच कोसळेल. किंवा भलतंच काही असेल, आणि ते जास्त वाईट. पॉइंटर ठेवू नकोस, 16 कॅरेक्टरांचा ॲरेच स्ट्रक्चरमध्ये ठेव, तारीख त्यात सहज मावते. सामाईक जागेतून सामाईक जागेतच दाखवणारा पॉइंटर फोर्कने जन्मलेल्या चाइल्डमध्ये चालतो, कारण तो तुकडा सगळ्यांच्या वहीत त्याच नंबरावर आलेला असतो. पण त्याचीही सवय लावू नकोस. वेगवेगळे प्रोग्राम तोच तुकडा जोडतात तेव्हा प्रत्येकाला तो निराळ्या नंबरावर मिळू शकतो. सुरुवातीपासून किती अंतरावर, असा ऑफसेट लिहिलास तर कुठेही चालेल.

वेगवेगळे प्रोग्राम म्हणजे कधी? चाइल्ड फोर्कनंतर एक्झेक करून दुसरा प्रोग्राम बनतं तेव्हा. एक्झेकला जुनी वही पूर्ण फाडली जाते, एममॅपचा तुकडाही जातो. अशा वेळी तुकड्याला नाव हवं, म्हणजे नव्या प्रोग्रामला नावाने शोधता येईल. त्यासाठी एसएचएम-ओपन. लिनक्सवर ते डेव्ह-एसएचएम या फोल्डरमध्ये दिसतं, एलएस करून पाहता येतं. नवा तुकडा 0 बाइटचा जन्मतो, एफ-ट्रंकेटने त्याला आकार द्यायचा. विसरलास तर पहिल्या स्पर्शाला 'बस एरर' (bus error), म्हणजे प्रोग्राम तिथेच कोसळतो. आणि काम झाल्यावर एसएचएम-अनलिंक, नाहीतर रीबूट होईपर्यंत तो तिथेच पडून राहतो. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालवणार असशील तर एवढं ध्यानात ठेव की तिथे हे फोल्डर मुळात फक्त 64 एमबीचं असतं. आकार देताना तक्रार होत नाही, पानं भरता भरता जागा संपली की मध्येच बस एरर येते. आधीच जागा राखून घ्यायची तर पॉझिक्स-एफ-ॲलोकेट.

शिकवणीच्या नोट्समध्ये तुला एसएचएम-गेट, एसएचएम-ॲट हे जुने सिस्टिम-व्ही चे कॉल भेटतील, परीक्षेत तेच विचारतात. परीक्षेपुरते शीक. त्यांचे तुकडे प्रोसेस मेली तरी मरत नाहीत, आणि लॅबच्या मशीनवर आयपीसीएस मारलास तर गेल्या कित्येक बॅचनी सोडलेले तुकडे दिसतील. ते पुसायला आयपीसीआरएम.

विंडोजवर फोर्क नाहीच, तिथे रचना वेगळी. घरचा लॅपटॉप विंडोजचा असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घाल आणि वर सांगितलेलं सगळं तिथे कर.

आणि खरं सांगू? शेअर्ड मेमरी विचारलीस म्हणून सांगितली, पण मी हा प्रोग्राम लिहिला असता तर पाइप वापरला असता. फोर्कच्या आधी एक पाइप, म्हणजे एका टोकाने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची नळी. प्रत्येक चाइल्ड शेवटी तालुक्याचा क्रमांक, संख्या आणि तारीख असं तीसेक बाइटचं स्ट्रक्चर एकाच राइटने त्यात टाकतं. पॅरेंट चार वेळा वाचतो. लिनक्सवर 4096 बाइटपर्यंतचं एक राइट तुटत नाही, त्यामुळे चौघांनी एकाच पाइपमध्ये लिहिलं तरी मिसळत नाही. लॉक नाही, खण नाहीत, पॉइंटरचा मोह नाही. फक्त पॅरेंटने पाइपचं लिहायचं टोक आपल्याकडून बंद करायला विसरू नये, नाहीतर एखादं चाइल्ड न लिहिताच मेलं तर पॅरेंट वाचनावर कायमचा अडकेल. शेअर्ड मेमरी हवी ती डेटा मोठा असेल तेव्हा, समज उपग्रहाची चित्रं, किंवा तोच डेटा सगळ्यांनी पुन्हा पुन्हा चाळायचा असेल तेव्हा.

आणि नुसता वाचायचाच असेल तर काहीच करू नकोस! पॅरेंटमध्ये आधी सगळं वाचून घे, मग फोर्क कर. कॉपी-ऑन-राइटमुळे चौघं तीच पानं वाचतील, कॉपी होणार नाही. रेडिस हे मेमरीत डेटा ठेवणारं डेटाबेस-सॉफ्टवेअर आपला डेटा डिस्कवर उतरवताना हेच करतं: फोर्क करतं, चाइल्ड त्या क्षणाचं चित्र शांतपणे लिहून काढतं आणि पॅरेंट गिऱ्हाइकं सांभाळत राहतो. पायथनमध्ये मात्र ही युक्ती फसते. तिथे प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर तिला किती जण धरून आहेत याचा आकडा असतो, आणि नुसतं वाचायला हात लावला तरी तो बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं जातं, म्हणजे पान कॉपी होतं. वाचता वाचता मेमरी फुगत जाते. पायथनवाल्यांनी 3.8 पासून आलेलं मल्टिप्रोसेसिंगमधलं शेअर्ड-मेमरी मॉड्यूल वापरावं आणि आकडे नमपाय या गणिती लायब्ररीच्या ॲरेत ठेवावेत.

राहिली ती पाच वेळा येणारी ओळ. तीही याच गोष्टीची धाकटी बहीण. प्रिंटएफने छापलेलं लगेच बाहेर जात नाही, आधी प्रोसेसच्या मेमरीतल्या बफरमध्ये साठतं. स्क्रीनवर छापताना ओळ संपली की बफर रिकामा होतो, म्हणून फोर्कच्या वेळी त्यात काही नसतं. फाइलमध्ये वळवल्यावर बफर भरेपर्यंत साठवत राहतो. तू फोर्क केलंस तेव्हा 'मोजणी सुरू' अजून बफरमध्येच होती, चारही चाइल्डना त्या बफरची कॉपी मिळाली आणि संपताना प्रत्येकाने आपली कॉपी ओतली. चार चाइल्ड, एक पॅरेंट, पाच ओळी. 16 ओळी आल्या असत्या तर मी म्हटलं असतं की लूपमध्ये चाइल्डला बाहेर काढायला विसरलास आणि चाइल्डही फोर्क करत सुटली आहेत. पाचच आल्या, म्हणजे तेवढं तू बरोबर केलंयस. फोर्कच्या अगदी आधी एफफ्लश कर. चाइल्डमधून साध्या एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिटने बाहेर पडलास तरी जुना बफर ओतला जाणार नाही, पण मग चाइल्डने स्वतः छापलेलं आणि अजून बाहेर न गेलेलंही बुडेल. म्हणून मी पहिला उपाय करतो.